वेदीच्या जागेवरचा ओटा

ट्रॅक्टर थेट चर्चच्या दारात येऊन थांबला, तेव्हा मी नव्या ओट्यावर लेव्हल ठेवून उतार तपासत होतो. पाणी मोरीकडे गेलं पाहिजे, एवढीच माझी त्या वेळची काळजी होती.

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. त्यांत भांडी, पत्रे, गुंडाळलेल्या ताडपत्र्या, एका टोपलीत कोंबड्या आणि माणसं. ऊसतोडीहून परतलेली माणसं उतरली की आधी घराकडे जातात, असं मला वाटत होतं. ही माणसं गेली नाहीत. त्यांनी चपला दारात काढल्या, ट्रॉलीतले कोयते हातात घेतले आणि सगळी आत आली. आठ-दहा पावलांवर थांबली. समोर मी बांधून घेतलेली विटांची भिंत होती आणि दोन्ही बाजूंना फरशीत बोल्टनं बसवलेले लोखंडी दुमजली पलंग.

पुढे उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसानं विचारलं, "साहेब, आमची वेदी कुठाय?"

वेदी म्हणजे चर्चच्या पुढच्या टोकाची, दोन पायऱ्या उंच असलेली जागा. तिथे मेज असतं, त्यावर क्रूस असतो, आणि तिथूनच प्रार्थना चालते. मी त्या जागेवरच उभा होतो, भिंतीतल्या दारातून त्यांना बघत. भिंतीच्या दारातून बाहेर येत म्हणालो, "ती... या भिंतीमागे आहे. म्हणजे, तिथे आता स्वयंपाकघर केलंय."

मागून एकजण म्हणाला, "बरं झालं की. देवाला बी भूक लागत आसंल."

बाकी कोणी हसलं नाही.

हे कसं झालं ते सांगतो. चूक माझी आहे, त्यामुळे सांगताना थोडं अडखळायला होतं.

मी आर्किटेक्चरला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. या शिक्षणात एक सत्र ट्रेनिंगचं असतं. ते मी संभाजीनगरला साबळे मॅडमच्या ऑफिसात केलं. जुन्या इमारती मूळ रूप न बिघडवता दुरुस्त करणं हे त्यांचं काम. डिसेंबरमध्ये त्यांच्याकडे हे चर्च आलं. घाटनांदूरपासून फार लांब नसलेल्या एका गावात निजामाच्या काळात मिशनऱ्यांनी बांधलेलं. काळा दगड, सांध्यांत भरलेला चुना, छपराखाली सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. भिंती उत्तम होत्या. छप्पर मात्र दोन ठिकाणी गळत होतं.

चर्च ज्या ट्रस्टच्या मालकीचं आहे, त्याचं ऑफिस शहरात. ट्रस्टचं म्हणणं असं की तिथे आता कोणी जात नाही. दुसरीकडे त्या भागातल्या बचत गटांच्या बायकांना हंगामी वसतिगृहासाठी जागा हवी होती. आई-बाप ऊस तोडायला गेले की मुलांना गावातच ठेवून घेणारं, शाळा बुडू न देणारं ते वसतिगृह. शाळेच्या पटावरून सव्वीस मुलांची यादी तयार होती. चर्चचं वसतिगृह केलं तर छप्परही दुरुस्त होईल आणि मुलांचीही सोय होईल, असा विचार होता. विचार चांगलाच होता.

माझ्याकडे सर्व्हे आला. त्यात दोन कामं असतात. एक, इमारत आहे तशी इंच-इंच मोजून तिचं चित्र काढायचं. दुसरं, ती कोण, कधी, कशी वापरतं ते लिहायचं. पहिलं काम मी जीव लावून केलं. दुसऱ्या कामासाठी मी तीन रविवार चर्चसमोरच्या लिंबाखाली बसलो. कुलूप निघालं नाही. पंचवीस डिसेंबरलाही गेलो. नाताळालाही कुलूप! यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी रिपोर्टमध्ये लिहिलं: उपासना बंद, इमारत वापरात नाही.

मॅडमनी विचारलं होतं, "गावात लोकांशी बोललास?"

मी हो म्हणालो. बोललो होतो. हॉटेलवाल्याला परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं होतं.

खरं कारण लिहायला हवं. गावात कोणाशी बोलायला गेलं की दुसरा प्रश्न असतो, तू कुणाचा? आणि तिसरा, वडील काय करतात? ऑफिसात मी वडील शेती करतात असं सांगितलं होतं. पाटोदा तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण दसऱ्यानंतर आई-वडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. मी मामाकडे राहून शिकलो. म्हणजे डिसेंबरमध्ये आमच्या जिल्ह्यातली कितीतरी गावं निम्मी रिकामी असतात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी डिसेंबरमध्येच हजेरी मोजली.

असं का झालं, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या डोक्यात चर्च म्हणजे इंग्रज, चर्च म्हणजे शहर, पांढरे कपडे, केक. चर्चला जाणारी माणसं फडावर ऊस तोडत असतील, हे माझ्या मनातच आलं नाही.

रिपोर्टवरून ट्रस्टनं परवानगी दिली. जानेवारीत काम सुरू झालं. वेदीची जागा उंच, म्हणून सांडपाण्याचा उतार आपोआप मिळत होता. कागदावर स्वयंपाकघरासाठी तीच जागा सगळ्यात सोयीची. मेज आणि क्रूस मी नीट गुंडाळून मागच्या पडवीत ठेवले. त्यापुढे मधली भिंत. उरलेल्या हॉलमध्ये सोळा पलंग.

भिंत बांधताना लतीफ मिस्त्रींशी माझा वाद झाला होता. नवी भिंत जुन्या भिंतीला भेटते, तिथे जुन्या दगडात खाचा करून विटा अडकवतात. त्याला दात धरणं म्हणतात. मिस्त्रींनी दात धरलेच नाहीत. मी म्हणालो, "चाचा, भिंत हलेल."

"हलू दे की. छप्पर थोडंच हाय तिच्यावर?" ते म्हणाले. "मॅडमचा हुकूम हाय. जुन्या दगडाला हात लावायचा न्हाई. उद्या कुणाला भिंत नको झाली तर?"

"कोणाला नको होईल?"

"ते मला काय म्हाईत, साब. मी फक्त मिस्त्री हाय."

मला वाटलं, म्हातारा अंगचोरपणा करतोय.

तर आता ती माणसं त्या भिंतीसमोर उभी होती. पांढऱ्या केसांच्या माणसाचं नाव याकोब साळवे. सगळे त्यांना याकोबदादा म्हणत. त्यांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून हातातला कोयता भिंतीच्या बुडाशी ठेवला. एकेकजण पुढे येऊन कोयता ठेवू लागला. बसायला जागा नव्हती, म्हणून पलंगांच्या मधल्या बोळात सगळी उभी राहिली. मी मुकाट्यानं मागे सरकून पुन्हा स्वयंपाकघरात गेलो.

भिंतीपलीकडून याकोबदादा नावं वाचत होते.

"साळवे रूथ."

"हाय."

"गायकवाड दाऊद."

"हाय."

फडावर गेलेलं प्रत्येक माणूस परत आलं का, ते देवासमोर मोजायची त्यांची ही रीत. परतीची उपासना म्हणतात तिला. नाताळ फडावर पाचटाच्या कोपीतच जातो, म्हणून नाताळची गाणीही याच दिवशी म्हणतात. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी ओट्याला टेकून फक्त 'हाय, हाय' ऐकत होतो. शेवटी एक बाई म्हणाली, "दादा, एक नाव वाढवा. फडावर झाली. पोरगी."

"नाव काय?"

"आजून न्हाई ठेवलं. हितंच ठेवायचं म्हनलं व्हतं."

मग गाणं सुरू झालं. मार्चमधलं नाताळचं गाणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाणं संपल्यावर याकोबदादांनी मला बाहेर बोलावलं. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. भोवती सगळी.

"हे कुनी ठरवलं?"

"ट्रस्टनं."

"ट्रस्टला कुनी सांगितलं?"

"मी."

"आन आमाला काऊन न्हाई इचारलं?"

"तुम्ही इथे नव्हता."

"सहा म्हयनं न्हवतो," याकोबदादा म्हणाले. "मेलो न्हवतो."

त्यांच्या पत्नी रूथकाकू कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरा, तू हाईस कुनाचा?"

शेवटी तो प्रश्न आलाच. मी सगळं सांगितलं. गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. "माझे आई-वडीलही कोयत्यालाच आहेत," म्हणालो. "अजून आले नाहीत."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्या जरा निवळतील.

"मंग तर तुला दोन लावल्या पायजेत," काकू म्हणाल्या. "साहेबाचं पोरगं आसतं तर सोडून दिलं आसतं. तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

याकोबदादांनी त्यांचा निर्णय सांगितला. उद्यापासून चर्चला कुलूप. माणसं गावात असली की तालुक्याहून महिन्यातून एकदा पाळक, म्हणजे धर्मगुरू, येतात; त्यांना घेऊन शहरात ट्रस्टकडे जायचं आणि परवानगी रद्द करून घ्यायची. त्यांनी हे ओरडून सांगितलं नाही, आणि म्हणूनच मी घाबरलो. परवानगी रद्द झाली तर वसतिगृह उघडणार नव्हतं. जवळपास दुसरी जागा नव्हती. ती आमची शोधून झाली होती. यादीतली सव्वीस मुलं पुढच्या दसऱ्यानंतर फडावर गेली असती.

मी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"रिपोर्टवर सही कोणाची आहे?"

"तुमची, मॅडम."

"म्हणजे चूक माझी. तू बोललास म्हणालास, मी कोणाशी ते विचारलं नाही. पण तिथे आत्ता तू आहेस. मी उद्या दुपारपर्यंत पोचते. तोवर त्यांना काहीही समजावून सांगायला जाऊ नकोस. फक्त विचार."

"काय विचारू?"

"डिसेंबरमध्ये जे विचारायचं होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी याकोबदादांच्या घरी गेलो. कोंबड्यांची टोपली अजून दारातच होती. दादा म्हणाले, "आला का इंजिनेर." मी आर्किटेक्ट होणार आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. वही काढली, एका पानावर बारा रकाने आखले, बारा महिन्यांचे. विचारलं, "कोणत्या महिन्यात चर्चमध्ये काय असतं, तेवढं सांगा."

दादा सुरुवातीला हो-नाही करत होते. मग सांगू लागले. परतीची उपासना. उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस. त्यानंतर ईस्टर. उन्हाळ्यात लग्नं. पावसाळ्यात दर रविवारी उपासना. पहिलं पीक आलं की त्याचा वाटा वेदीवर ठेवायचा. दसऱ्यानंतर, निघायच्या आदल्या दिवशी, सगळ्यांची नावं लिहून वेदीवर ठेवायची. मग कुलूप.

मी रकाने भरत गेलो. खालच्या ओळीत वसतिगृहाचे महिने लिहिले. रूथकाकू चहा घेऊन आल्या आणि वहीत डोकावल्या. त्यांना वाचता येत होतं. मिशनच्या शाळेत चार वर्षं शिकल्या होत्या.

"ह्या खालच्या वळीत काय हाय?"

"वसतिगृह. मुलं."

त्यांनी बोट आधी वरच्या ओळीवरून फिरवलं, मग खालच्या. "आमी जातो तवा पोरं हितं," म्हणाल्या. "आमी आलो का पोरं घरी. दोन्ही एका टायमाला न्हाईच. मंग भांडन कशाचं?"

"भिंतीचं," याकोबदादा म्हणाले.

"भिंत पाडा. आपली नात सारा सातवीत हाय. दरसाल दिवाळीपसून शाळा बंद. तिचं नाव हाय का रे तुझ्या यादीत?"

होतं. मी यादी काढून दाखवली. सव्वीसपैकी नऊ मुलं याच कुटुंबांतली होती. यादीवर नुसती आडनावं वाचून मी ती कधी जोडून पाहिली नव्हती. गायकवाड, साळवे ही आडनावं सगळ्याच समाजांत असतात. उरलेली मुलं शेजारच्या बौद्ध वस्तीतली आणि वरच्या आळीतली.

दुपारी मॅडम आल्या. त्यांनी आधी माफी मागितली, तीही उभ्या उभ्या नाही. जमिनीवर बसून मागितली. याकोबदादांनी तीन अटी घातल्या. वेदीवर चूल नको. भिंत नको. आणि ट्रॅक्टर येईल त्या दिवशी हॉलची फरशी मोकळी पाहिजे, बसता आलं पाहिजे. उत्तम शुक्रवार नऊ दिवसांवर होता. तोवर हे झालं तर ते स्वतः ट्रस्टला लिहून देतील. झालं नाही तर परवानगी रद्द.

"नऊ दिवसांत होईल?" मॅडमनी लतीफ मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "दात धरले असते तर झालं नसतं."

भिंत एका दिवसात उतरली. अखंड विटा बाजूला रचून ठेवता आल्या. जुन्या दगडावर नुसत्या चुन्याच्या दोन उभ्या रेघा राहिल्या, त्या ओल्या फडक्यानं निघाल्या. आमच्या क्षेत्रात याला रिव्हर्सिबल म्हणतात. नवं केलेलं उद्या काढलं तर जुन्याला इजा होऊ नये. मी परीक्षेत या विषयावर दोन पानं लिहिली होती. मिस्त्रींनी ती पाळली.

ओटा तितका सरळ निघाला नाही. कडप्पा काढताना मधोमध फुटला. स्वयंपाकघर मागच्या पडवीत न्यायचं ठरलं. तिथे उतार उलटा होता, म्हणून दोन दिवस फक्त खोदकाम चाललं. पलंग उघडून टेम्पोतून अंबाजोगाईला वेल्डरकडे नेले. त्यानं पाय कापून पिनवर बसवले. आता पिना काढल्या की पलंगाच्या चौकटी होतात आणि पडवीच्या भिंतीला उभ्या राहतात. दोन माणसांना अख्खा हॉल मोकळा करायला एक सकाळ पुरते.

राहिली बोल्टची भोकं. सोळा पलंग, चौसष्ट भोकं, जुन्या शहाबादी फरशीत. चुना आणि दगडाची भुकटी कालवून मिस्त्रींनी ती बुजवली. पण जुनी फरशी निळसर काळी आणि बुजवलेलं पांढरट. ते दिसतं. ते कायम दिसणार आहे.

गुरुवारी संध्याकाळी मेज आणि क्रूस पुन्हा वेदीवर गेले. याकोबदादा अनवाणी आत आले, दारापासून वेदीपर्यंत चालत गेले. भोकांच्या ठिकाणी त्यांच्या पायाचा अंगठा थांबत होता.

"किती हायेत?"

"चौसष्ट."

"समदी मोजलीस?"

"केली पण मीच होती, दादा."

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर त्यांनी त्या मेजावरच ट्रस्टच्या नावानं पत्र लिहून दिलं. ट्रस्टच्या वकिलांना करारात वसतिगृह बंद करायची पक्की तारीख हवी होती. याकोबदादा म्हणाले, "तारीख कारखान्याला इचारा." शेवटी करारात लिहिलं: ज्या दिवशी ट्रॅक्टर गावात येईल, त्या दिवशी.

दसऱ्यानंतर वसतिगृह सुरू झालं. यादी सव्वीसवरून एकतीसवर गेली होती, तरी सोळा दुमजली पलंगांत सगळी मावली. मी तोवर कॉलेजात परतलो होतो. पण मार्चमध्ये मॅडमनी मुद्दाम बोलावलं.

कारखान्याचा हंगाम संपल्याचा फोन आला तसे बचत गटाच्या बायकांनी सकाळीच पलंग उतरवले. दुपारी ट्रॅक्टर आले. या वेळी एक नव्हता, चार होते. वरच्या आळीचे आणि बौद्ध वस्तीचेही थेट तिथेच आले, कारण त्यांचीही मुलं तिथेच होती. उपासना होईपर्यंत त्यांनी बाहेर थांबायचं असं ठरलं होतं, पण एवढा वेळ कोण थांबतंय? मुलं आई-बापांना हाताला धरून आत ओढत होती. सगळी फरशीवर बसली. सारा वसतिगृहाचं हजेरीपत्रक घेऊन आली, कारण त्यात सगळ्यांची नावं होती. याकोबदादांनी चष्मा लावला आणि आपल्या वहीतली नावं संपल्यावर त्या पत्रकातली नावंही वाचली. मूल 'हाय' म्हणालं की त्याचे आई-बापही म्हणत. काहींना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी शेजाऱ्याचं पाहून म्हटलं.

मधे एकदा वाचणं थांबलं, कारण फडावर जन्मलेली ती पोरगी, आता वर्षाची, रांगत वेदीच्या पायरीवर चढली आणि तिला उतरवायला कोणीच उठेना.

या सगळ्यातून मी काय शिकलो, असं कॉलेजात सरांनी विचारलं. मी सांगितलं ते असं. इमारतीची लांबी-रुंदी टेपनं मोजता येते. तिचं वर्ष टेपनं मोजता येत नाही. त्यासाठी दाराशी बारा महिने बसावं लागतं. तेवढा वेळ कुठल्याच ऑफिसकडे नसतो, म्हणून तिथल्या माणसांना विचारायचं असतं. माणसं गावात नसतील, तर ती कुठे गेली आहेत ते विचारायचं, आणि त्यांचा फोन नंबर घ्यायचा.

सर म्हणाले, यात थिअरी काहीच नाही. ते खरं आहे.